भारताचा गिनी, जगाचा गिनी

२०२५च्या जुलैमध्ये एक बातमी बरीच फिरली: समानतेच्या बाबतीत भारत जगात चौथा. आधार होता जागतिक बँकेने दिलेला २०२२-२३चा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचे माप, २५.५. बँकेच्या ज्या टिपणात हा आकडा होता, त्यातच २०२३चा दुसरा एक आकडाही होता: ६२. मथळ्यांत तो दिसला नाही.

एकाच देशाचे दोन आकडे, आणि इतकी तफावत? हा निर्देशांक इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो गिनी यांनी १९१२ साली मांडला. सगळ्यांच्या वाट्याला सारखेच आले तर तो ०, सगळे एकाच्याच खिशात गेले तर १००. पण वाटा कशाचा मोजायचा, ते सूत्र सांगत नाही. २५.५ हा आकडा खर्चाचा आहे. पाहणीवाले घरी येऊन विचारतात: तांदूळ किती लागला, गॅस, शाळेची फी, औषधे. महिना पंधरा हजार मिळवणारे घर जवळजवळ सगळे खर्चून टाकते, अडीनडीला उसनेही घेते. महिना दहा लाख मिळवणारे घर दोन-तीन लाख खर्चते. बाकीचे शेअरमध्ये नाहीतर जमिनीत जाते आणि खर्चाच्या यादीत उतरतच नाही. शिवाय अतिश्रीमंत घरे अशा पाहण्यांत फारशी सापडत नाहीत. ६२ हा आकडा आहे जागतिक विषमता डेटाबेसचा, करपूर्व उत्पन्नाचा. पाहण्यांना प्राप्तिकराच्या नोंदींची जोड देऊन तो काढला जातो. तोही अंदाजच, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत. पण युरोपातल्या देशांचे उत्पन्नाचे आकडे आणि आपला खर्चाचा आकडा एकाच रांगेत मांडून नंबर लावणे चूकच आहे.

आता जगाकडे वळू. देशांच्या सीमा पुसून सगळ्या माणसांचा एकत्र हिशेब केला तर? जागतिक विषमता डेटाबेसच्याच संशोधकांच्या मोजणीनुसार २०२० साली जगाचा गिनी सुमारे ६७ होता. भारताचा ६२. श्रीमंत लक्झेंबर्गपासून आफ्रिकेतल्या गरीब बुरुंडीपर्यंतची सगळी दरी पोटात घेऊन जग जेवढे विषम आहे, जवळपास तेवढा आपला एकटा देश आहे. मला हा आकडा अस्वस्थ करतो.

त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. २००० साली जगाचा गिनी ७२च्या आसपास होता, म्हणजे तो उतरला. पण भारतात आणि अमेरिकेत याच काळात विषमता वाढली. दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे?

समजा जगात दोनच देश आहेत आणि प्रत्येकात दोनच माणसे. गरीब देशात दोघांनाही १० रुपये, श्रीमंत देशात दोघांनाही ९० रुपये. दोन्ही देशांचा गिनी शून्य, जगाचा ४०. काही वर्षांनी गरीब देशात एकाला २० आणि दुसऱ्याला ६० मिळू लागले, श्रीमंत देशात ८० आणि १२०. आता गरीब देशाचा गिनी २५, श्रीमंताचा १०. दोन्हीकडे विषमता वाढली, पण जगाचा गिनी ४०वरून २९वर आला. कारण देशादेशांतली दरी बुजत गेली. कागदावर स्वतः करून पाहा, पटेल.

प्रत्यक्षात ही दरी बुजवली ती मुख्यतः चीनने, आणि त्याच्या मागोमाग भारताने. जगातली एक-तृतीयांशाहून जास्त माणसे या दोन देशांत राहतात, त्यामुळे इथे सरासरी वाढली की जगाचा आकडा हलतो. जागतिक विषमतेत देशादेशांतल्या फरकाचा वाटा १८२० साली अवघा ११ टक्के होता. वसाहतींच्या आणि कारखान्यांच्या युगानंतर, १९८०पर्यंत तो ५७ टक्क्यांवर गेला होता. २०२०मध्ये तो ३२ टक्के उरला. बाकीची विषमता देशांच्या आतली आहे: मुंबईतला मलबार हिल आणि तिथून काही मैलांवरचा गोवंडी यांच्यामधली.

चीनचे दरडोई उत्पन्न आता जगाच्या सरासरीच्या आसपास पोहोचले आहे. तिथून पुढे त्याची वाढ जागतिक गिनी खाली आणणार नाही, उलट हळूहळू वर ढकलेल. भारत अजून सरासरीच्या बराच खाली आहे, म्हणून इथली वाढ आणखी काही काळ आकडा उतरवत राहील. पण लोकसंख्या सगळ्यांत वेगाने वाढते आहे ती सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. तिथली मिळकत मागे राहिली, तर गेल्या वीस वर्षांत झालेली घट पुसली जाऊ शकते.