मुख्य विधानात तीन कारणं हवीतच का?

मत पटवून देणाऱ्या निबंधाच्या मुख्य विधानात, म्हणजे थीसिस स्टेटमेंटमध्ये, तीन कारणं मोजून घालायची, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हा नियम नाही. पाच परिच्छेदांच्या निबंधाचा तो साचा आहे: प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. नवशिक्याला आधार म्हणून बरा. पण सांगण्यासारखी कारणं दोनच असली की तिसरं ओढूनताणून आणावं लागतं आणि तिथेच निबंध लंगडतो.

खरी कसोटी वेगळी आहे: समंजस वाचक या विधानाला ‘नाही’ म्हणू शकतो का? ‘मोबाइलचे फायदे आणि तोटे आहेत’ याला कोण नाही म्हणेल? तो विषय झाला, भूमिका नव्हे. ‘वर्गात मोबाइलवर बंदी असावी’ ही भूमिका खरी, पण कच्ची. ‘वर्गात मोबाइलवर बंदी असावी, कारण तो जवळ असला की मुलांची निम्मी शक्ती मोह आवरण्यातच जाते’ यात कारण एकच आहे, तरी वाद घालायला जागा आहे आणि पुढे काय सिद्ध करायचंय तेही कळतं.

आणि हो, हे वाक्य लिहायला बसण्याआधीच पक्कं हवं, हाही गैरसमजच. कच्चा खर्डा संपत आला की आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते बरेचदा उमगतं. तेव्हा मागे जाऊन विधान खुशाल बदला.