‘फियाट घेतली? आता पार्ट शोधत फिर!’

फियाटची जुनी पुंटो किंवा लिनिया घ्यायची म्हटलं, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. अर्धंच खरं आहे ते.

डिझेल पुंटोतलं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मूळचं फियाटचंच, पण मारुतीने ते स्विफ्ट-डिझायरला आणि टाटाने इंडिका व्हिस्टाला वापरलं. २०२० पर्यंत हे इंजिन रस्त्यावर इतकं पसरलं, की तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ते डोळे मिटून खोलतो. या गाड्याही इटलीहून आलेल्या नाहीत. पुण्याजवळच्या रांजणगावात बनल्यात.

खरी अडचण बॉडीच्या आणि आतल्या फिटिंगच्या पार्टची. हेडलाइट, बंपर, दाराची आतली पॅनेलं यांसाठी थांबावं लागतं, कधी भंगारवाल्याकडेही जावं लागतं. म्हणून ठोकलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही.

बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर (ठेवतातच!) दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट करताच पुढून खळखळ आली, तर टायमिंग चेन (इंजिनचे वॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) सैल झालेली असू शकते; ऑइल वेळेवर न बदलल्याचा तो हिशोब. १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनला मात्र चेन नाही, बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.