शिवराई की तागडीचा पैसा?

माझ्या मामेभावाची कणकवलीजवळ लाकडाची वखार आहे. जुन्या घरांचे वासे चिरताना आत रुतलेला एखादा खिळा करवतीचं पातं खातो, म्हणून त्याने मेटल डिटेक्टर घेतला. आश्विनात वखार बंद असताना तोच डिटेक्टर घेऊन आम्ही मामाच्या कलमांच्या बागेत उतरलो. बागेच्या कडेने जुनी पाखाडी जाते. गाडीरस्ता होण्याआधी सगळा गाव तिथूनच बाजाराला जायचा. पाखाडीच्या तिसऱ्या वळणावर मशीन खणखणीत वाजलं. वीतभर खाली हिरवट, खरबरीत गोळा निघाला आणि भाऊ ओरडला, "शिवरायाचो पैसो गावलो!"

तो शिवरायांचा पैसा, म्हणजे त्यांच्या नावाची तांब्याची शिवराई, नव्हता. पण चूक इतकी साहजिक आहे की ती नीट उलगडून सांगावी असं वाटलं.

आधी मशीनची बाजू. चकतीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे वीज खेळते आणि तिचा प्रतिसाद चकती टिपते. तांबं विजेचं उत्तम वाहक, म्हणून मशीनच्या पडद्यावर आकडा वरचा दिसतो आणि आवाज स्वच्छ येतो. लोखंड बहुधा खालच्या आकड्यावर घुरघुरतं. आमच्याकडे पंचाईत जांभ्याची. लाल मातीत लोहच इतकं की मशीन सुरुवातीला जमिनीशी जुळवून घेतलं नाही, तर प्रत्येक दगड खजिना वाटतो. पण जुळवून घेतलं तरी ते सांगतं एवढंच, की खाली तांब्यासारखं काहीतरी आहे. ते कोणाच्या टांकसाळीतलं, हे त्याला कळत नाही. आकड्यावरून पैज लावू नका. नाणं तिरकं पडलेलं असलं किंवा खोल असलं, तर तोच पैसा वेगळा आकडा दाखवतो.

पुढचं काम बोटांचं. शिवराई लहान पण जाड. साधारण दोन सेंटिमीटर रुंद, आणि चांगली राहिलेली असेल तर दहा-अकरा ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरते. तळहातावर ठेवली की आकाराच्या मानाने वजन जाणवतं. ईस्ट इंडिया कंपनीचा 1835 चा पाव आणा याच्या उलट. तो अडीच सेंटिमीटर रुंद, पण जेमतेम साडेसहा ग्रॅमचा. हिरवा थर चढला की दोन्ही फुगतात, तरी कड लपत नाही. शिवराई हातोड्याने पाडलेली. ठशावर तांब्याचा तुकडा ठेवून घाव घातला की कड फाटते, एका बाजूला चपटी होते, कधी अर्धवट चीर जाते. कंपनीचा पैसा यंत्राने दाबलेला, म्हणून गोल आणि सगळीकडे सारखा जाड. गोळ्याच्या कडेवरून नख फिरवा. नख अडखळत गेलं तर थोडी आशा धरा.

मग अक्षरं. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. कुठे 'राजा' पूर्ण आणि 'श्री' गायब, कुठे नुसता 'त्र'. शुद्धलेखनही ठसा कोरणाऱ्याच्या मर्जीचं: शिव, सिव, सीव, सगळं सापडतं. कंपनीच्या पैशावर सन छापलेला असतो. 1835 च्या नाण्यावर एका बाजूला झेंडे धरलेले सिंह, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात किंमत. मुंबई इलाख्याच्या त्याआधीच्या पैशांवर, म्हणजे 1804 च्या किंवा 1830 ते 1833 च्या, तराजू असतो आणि दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. भावाच्या गोळ्यात निघाली ती हीच तागडी. मातीने भरलेली दोन पारडी त्याला 'छ' ची गाठ वाटली होती.

इथवर चित्र सरळ आहे. गुंता पुढे आहे. शिवराई मिळाली म्हणजे ती शिवाजी महाराजांच्या हयातीतली, असं नाही. 1674 च्या राज्याभिषेकापासून हे नाणं सुरू झालं खरं, पण पुढे पेशवाईतही त्याच नावाने शिवराया पडत राहिल्या. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली 'दुदांडी' तर बरीच नंतरची. उलट कंपनीची सगळी नाणीही गोल गरगरीत नाहीत. बर्मिंगहॅमहून यंत्राचे पैसे येण्याआधी, म्हणजे 1791 च्या अगोदर, मुंबईतले कंपनीचे पैसेही हातानेच पाडलेले आणि शिवराईसारखेच वेडेवाकडे. कंपनीकडे बाणकोट 1756 पासून होतं, त्यामुळे सावित्रीच्या खाडीकडे असा एखादा पैसा निघाला तर नवल वाटायला नको. बाकीच्या कोकणात मात्र 1818 नंतरचाच माल जास्त.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रकार म्हणजे '1818, ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं राम, लक्ष्मण, सीता, मारुतीचं नाणं. व्हॉट्सॲपवर ते लाखांत विकतात. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. त्यासाठी खणू नका, आणि पैसे तर मुळीच देऊ नका.

खणण्याबद्दल थोडं. देवराईत मशीन घेऊन जायचं नाही. राखणदाराची भीती नसली तरी गावाची ठेवा. राखीव जंगलात खणणं वन कायद्यात गुन्हा आहे, आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय फावडं लावणंही बेकायदा. स्वतःच्या बागेतही मोकळीक नाही. 1878 च्या भूमिगत निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! कायद्याला आपल्या तागडीच्या पैशाचा काळ अजून आठवतो, एवढंच म्हणायचं.

आणि सापडलेलं घासायचं नाही. यात मी हट्टी आहे. कोकणातली प्रत्येक आते आणि काकी तांबं-पितळ आमसुलाने किंवा चिंचेने उजळवते, कारण आंबट लागलं की हिरवा थर सुटतो. देवघरातल्या गडूला ते शोभतं. नाण्याच्या बाबतीत मात्र त्या थरातच अक्षरांची धार टिकून असते. ती गेली की गुळगुळीत लाल चकती उरते, आणि तिच्यात शिवराई कुठली आणि कंपनीचा पैसा कुठला, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-चार दिवस भिजू द्या, मऊ लाकडी काडीने माती हलवा, आणि काडी अडली की थांबा.

त्या दिवशी आम्ही दोन गोळे आणले होते. तागडीचा पैसा मी माझ्या वाटीत भिजत ठेवला. दुसरा गोळा जाड होता, कडेला फाटलेला, नख तीनदा अडखळलं. तो मामीच्या ओट्यावर राहिला. सकाळी गेलो तर तुळशीजवळ उन्हात लालबुंद चकचकत होता आणि मामी म्हणाली, "बघ, घासून कसो लख्ख केलंय!"