जुन्या इंग्लिश चर्चच्या भिंती उघड्या दगडाच्या नव्हत्या
इंग्लंडच्या खेड्यातलं मध्ययुगीन चर्च म्हणजे आत नुसता करडा, गंभीर दगड, ही समजूत घट्ट रुजली आहे. ती चुकीची आहे. त्या काळी भिंतींना आतून चुन्याचा गिलावा असे आणि त्यावर रंगीत संत, कथाप्रसंग. वेदीकडच्या कमानीवर बहुधा अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचं चित्र.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं त्या काळात, विशेषतः सहाव्या एडवर्डच्या राजवटीत (१५४७–५३), ही चित्रं चुना फासून झाकली गेली. पण खाली पुष्कळ काही शाबूत राहिलं! सफोकमधल्या वेनहॅस्टनला १८९२ मध्ये दुरुस्तीत निघालेल्या पांढऱ्या फळ्या आवारात टाकून दिल्या होत्या. पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि अंतिम न्यायाचं अख्खं चित्र समोर आलं. ते आजही त्याच चर्चमध्ये आहे.

उघडा दगड ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारकांची करणी. ‘अस्सल’ रूप दिसावं म्हणून त्यांनी गिलावा खरवडला, त्याबरोबर चित्रंही गेली. मला तर हे नुकसान चुना फासण्याहून मोठं वाटतं. या खरवडीविरुद्धच इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली.