ओले हाड

शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात उभा असलेला सांगाडा एक गैरसमज मनात पक्का करून ठेवतो: हाड म्हणजे पांढरी, कोरडी, निर्जीव वस्तू. जिवंत माणसाचे हाड मात्र ओलसर आणि किंचित गुलाबीसर असते. त्यातून रक्तवाहिन्या जातात. वरच्या पातळ आवरणात मज्जातंतूंचे दाट जाळे असते, म्हणून तर हाड मोडले की जीव कळवळतो.

हाड कशाचे बनते, हे दाखवणारा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. हाड काही दिवस सौम्य आम्लात बुडवून ठेवायचे. कॅल्शियमचे क्षार विरघळून जातात. आकार तोच राहतो, पण हाड रबरासारखे वाकते. बारीक आणि लांब असेल तर त्याला चक्क गाठ मारता येते. मागे उरलेले असते ते मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. आता दुसरे हाड जाळून पाहा. कोलॅजेन जळून जाते, क्षार राहतात आणि हाड बोटाने दाबले तरी भुगा होतो. कडकपणा क्षारांचा, चिवटपणा कोलॅजेनचा.

शिवाय हे बांधकाम कधी पुरे होत नाही. काही पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या त्या खड्ड्यात नवे भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी असा बदलला जातो. सूक्ष्म तडे त्यातच बुजतात. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. रक्तातले कमी पडले तर हृदयाची लयसुद्धा बिघडू शकते, म्हणून गरजेला ते हाडांतूनच काढले जाते.

हाडांना कामाची सवयही लागते. भार पडेल तिथे ती भक्कम होतात, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. अंतराळवीरांची गोष्ट उलटी: भारच नसल्याने त्यांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते.

आणि परीक्षेतला तो हमखास प्रश्न, हाडे किती? २०६. पण नवजात बाळाला सुमारे ३०० असतात. वाढताना त्यांतली बरीच एकमेकांना जुळतात. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड पाच मणक्यांचे मिळून बनते आणि ते जुळायला विशी उजाडते. म्हणजे उत्तरपत्रिकेत २०६ लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या अंगात तेव्हा त्याहून जास्तच असतात.