रोलिंग स्टोन्सचा उत्तरार्ध : १९८९ नंतरचे दौरे आणि अल्बम

गेल्या काही वर्षांत मुंबईत मोठे परदेशी बँड पुन्हा येऊ लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे आणि त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचे कार्यक्रम झाले, तेव्हा नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातली मुलेही देवगिरी एक्सप्रेस पकडून त्यासाठी मुंबईला गेली. अवाढव्य रंगमंच, दुरूनही दिसणारे पडदे, मैदानाच्या मध्यापर्यंत गेलेली वाट आणि देशोदेशीच्या कार्यक्रमांची सूत्रे एकाच आयोजकाच्या हाती असलेला दौरा ही आज सवयीची वाटणारी पद्धत बऱ्याच अंशी १९८९ साली रूढ झाली, आणि ती रूढ करणारा बँड तेव्हाच सत्तावीस वर्षांचा जुना झालेला होता. त्या बँडच्या, म्हणजे लंडनच्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या, उत्तरार्धाची ही पार्श्वभूमी आहे.

१२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये या नावाने पहिला कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या वीस वर्षांचा इतिहास सर्वश्रुत आहे. गिटारवादक ब्रायन जोन्स १९६९ मध्ये गेला, त्याच्या जागी आलेला मिक टेलर १९७४ मध्ये बाहेर पडला आणि रॉनी वुड आला. खरा पेच पडला तो १९८० च्या दशकाच्या मध्यावर. गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स या गाणी रचणाऱ्या जोडीत बेबनाव झाला, जॅगरने १९८५ मध्ये स्वतःच्या नावाचा स्वतंत्र अल्बम काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिल्या दिवसापासून बँडसोबत पियानो वाजवणारा इयन स्टुअर्ट मरण पावला. १९८६ चा ‘डर्टी वर्क’ प्रसिद्ध झाला, पण त्याच्या पाठोपाठ दौरा निघाला नाही. पुढे रिचर्ड्‌सनेही १९८८ मध्ये स्वतःचा अल्बम काढला, तेव्हा बँड संपला असाच बहुतेकांचा समज झाला होता.

१९८९ च्या सुरुवातीला दोघे बार्बाडोस बेटावर भेटले आणि थोड्याच आठवड्यांत त्यांनी नव्या अल्बमची गाणी रचून काढली. ‘स्टील व्हील्स’चे बरेचसे ध्वनिमुद्रण माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत झाले. त्याच सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने तो स्टुडिओ उद्ध्वस्त केला, त्यामुळे तिथे तयार झालेल्या शेवटच्या काही अल्बमांत याची गणना होते. अल्बममधल्या एका गाण्यासाठी जॅगर आणि रिचर्ड्‌स मोरोक्कोतल्या टँजियरला गेले आणि जजूका गावच्या पारंपरिक वादकांचे सूर त्यांनी त्यात घेतले. ब्रायन जोन्सने १९६८ मध्ये याच वादकांचे ध्वनिमुद्रण केले होते, हे लक्षात घेतले तर त्या गाण्याचे मोल कळते.

तरीही १९८९ चे महत्त्व अल्बमपेक्षा दौऱ्यात अधिक आहे. तोवरची रीत अशी होती की प्रत्येक शहरातला स्थानिक आयोजक आपापल्या कार्यक्रमाचा व्यवहार स्वतंत्रपणे ठरवी, तिकिटांचा हिशेब तो ठेवी आणि दौऱ्याचे एकंदर नियोजन वेगळाच माणूस पाही. कॅनडाचे आयोजक मायकेल कोल यांनी ठरावीक रकमेची हमी देऊन अख्खा दौराच विकत घेतला. त्यात तिकिटांबरोबर टी-शर्टसारख्या वस्तूंची विक्री, प्रायोजकत्व आणि प्रक्षेपणाचे हक्कही आले. १९८१ च्या अमेरिका दौऱ्याची धुरा वाहणारे बिल ग्रॅहॅम यांच्या हातून हे काम निसटले आणि त्याचे त्यांना फार दुःख झाले. या व्यवस्थेचा परिणाम दुहेरी होता. एकीकडे तिकिटांचे दर चढले, रंगमंच आणि प्रायोजकाची पाटी यांचे नाते कायमचे जुळले. दुसरीकडे, हिशेब एकत्र आल्यामुळे रंगमंचावर पूर्वी कुणी केला नव्हता एवढा खर्च करणे शक्य झाले. मार्क फिशर यांनी त्या दौऱ्यासाठी उभारलेला, ओसाड कारखान्याच्या सांगाड्यासारखा दिसणारा रंगमंच हा त्याचा पहिला ठळक पुरावा होय, आणि मैदानी कार्यक्रमांच्या रंगमंचाची चर्चा आजही तिथून सुरू करावी लागते.

हा दौरा फेब्रुवारी १९९० मध्ये जपानमध्ये पोहोचला. १९७३ साली त्याच देशाने जॅगरला प्रवेश नाकारला होता. १८ ऑगस्ट १९९० रोजी प्रागच्या स्त्राहोव मैदानात झालेला कार्यक्रम तर राजकीय इतिहासाचाच भाग आहे, कारण साम्यवादी राजवट कोसळून वर्षही झालेले नव्हते आणि राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी बँडचे स्वतः स्वागत केले होते.

१९९३ च्या आरंभी बास गिटार वाजवणारा बिल वायमन निवृत्त झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी आलेला डॅरिल जोन्स पूर्वी माइल्स डेव्हिसबरोबर वाजवत असे, पण त्याला बँडचा पूर्ण सभासद कधीच करण्यात आले नाही. इथून पुढे रंगमंचावर दिसणारा संच आणि कागदोपत्री असलेला बँड या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. १९८२ पासून कळफलकावर असलेला चक लेव्हेल आणि १९८९ पासून साथीला गाणारा बर्नार्ड फाउलर यांच्याशिवाय उत्तरार्धातल्या स्टोन्सचा विचारच करता येत नाही. विशेषतः लेव्हेल हा या संचाची स्मरणशक्ती आहे. कोणत्या गाण्याची लय किती, सुरुवात कोण करणार, कडवे किती वेळा यायचे, याच्या हस्तलिखित नोंदी त्याने वर्षानुवर्षे जपल्या आहेत.

१९९४ चा ‘व्हूडू लाउंज’ निर्माते डॉन वॉज यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. केबल टीव्ही घराघरांत शिरण्याचा आणि औरंगाबाद, लातूर, नांदेडसारख्या शहरांत इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट सहज मिळू लागण्याचा काळही हाच असल्यामुळे, मराठवाड्यातल्या एका पिढीला हा बँड थेट त्याच्या उत्तरार्धातच भेटला. पाठोपाठ १९९७ मध्ये ‘ब्रिजेस टू बॅबिलॉन’ आला. त्या दौऱ्यात मुख्य रंगमंचापासून एक पूल प्रेक्षकांच्या डोक्यावरून पुढे सरके आणि बँड मैदानाच्या मध्यावरच्या छोट्या चौथऱ्यावर जाऊन दोन-तीन गाणी वाजवी. ही कल्पना पुढे सगळ्यांनी उचलली.

या काळात एक उलटापालट पक्की झाली. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढला जाई, आता दौऱ्याला निमित्त हवे म्हणून अल्बम येऊ लागला. अल्बममधली तीन-चार नवी गाणी दौऱ्याच्या आरंभी वाजवली जात आणि काही महिन्यांत त्यांतली बहुतेक गळून पडत, कारण लोकांना १९६५ ते १९८१ मधली गाणीच ऐकायची असत. माझ्या मते या काळातले सर्वांत प्रामाणिक ध्वनिमुद्रण १९९५ चे ‘स्ट्रिप्ड’ आहे. लहान सभागृहांत आणि तालमीच्या जागी, झगमगाटाशिवाय वाजवलेल्या जुन्या गाण्यांचा तो संग्रह आहे.

तालीम आणि वाजवण्याची पद्धत हीच या बँडची खरी मिळकत आहे. रिचर्ड्‌स बऱ्याच गाण्यांसाठी गिटारची सहावी, सर्वांत जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारा जी, डी, जी, बी, डी अशा पाश्चात्त्य स्वरांत लावतो. त्यामुळे तारा मोकळ्या सोडल्या तरी आपोआप मेळ जुळतो आणि दोन बोटांच्या हालचालीत ती ओळखीची ठसठशीत चाल उमटते. ढोलवादक चार्ली वॉट्सची खूण त्याच्या उजव्या हातात होती. डावी काठी मुख्य ढोलकावर पडण्याच्या क्षणी तो उजवी काठी झांजेवरून उचलून घेई, त्यामुळे तो ठोका एकटा, स्वच्छ ऐकू येई आणि लय किंचित मागे रेलल्यासारखी वाटे. इतर बँडांत गिटार ढोलाच्या मागे जाते, इथे वॉट्स रिचर्ड्‌सच्या मागे जाई. दौऱ्याविषयी त्याची नावड जगजाहीर होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ज्या ज्या हॉटेलात तो झोपला, तिथल्या पलंगाचे रेखाचित्र त्याने वहीत काढून ठेवले.

स्थापनेची चाळिशी साजरी करणारा ‘लिक्स’ दौरा २००२ मध्ये निघाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये भारतात आला. ४ एप्रिल २००३ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्‌सवर आणि ७ एप्रिलला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर कार्यक्रम झाले, त्या वेळी जॅगर एकोणसाठ वर्षांचा आणि वॉट्स एकसष्ट वर्षांचा होता. सार्सच्या साथीमुळे या दौऱ्यातले हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि त्याच साथीने पोळलेल्या टोरोंटो शहराच्या मदतीसाठी जुलैमध्ये झालेल्या मैफलीला सुमारे साडेचार लाख लोक आले.

वयाची चर्चा या बँडला तेव्हापासून चिकटली. मराठवाड्यातल्या श्रोत्याला ती खरे तर चमत्कारिक वाटायला हवी. तुळजापूरला सत्तरीतल्या गोंधळ्याने संबळावर काठी टाकली किंवा नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात एखादे वृद्ध कीर्तनकार उभे राहिले, तर त्यांनी आता थांबावे असे कुणाच्या मनातही येत नाही, उलट त्यांच्या पाठांतराला आणि अनुभवाला मान मिळतो. रॉक संगीत मात्र १९५० च्या दशकात तरुणांचे म्हणूनच विकले गेले, त्यामुळे त्यात म्हातारपणाला जागाच ठेवली गेली नाही. स्टोन्सनी ज्या संगीतावर पोसून घेतले त्या ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात, अशी अट नव्हती. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्थानकाच्या फलाटावर जॅगरची रिचर्ड्‌सशी पुन्हा गाठ पडली तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. बँडचे नावही मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून आले. नोव्हेंबर १९८१ मध्ये शिकागोच्या एका लहानशा क्लबमध्ये स्टोन्स त्याच्या शेजारी उभे राहून वाजवले, तेव्हा तो पासष्टी ओलांडलेला होता आणि पूर्ण ताकदीने गात होता. म्हणून स्टोन्सच्या उत्तरार्धाकडे तारुण्य लांबवण्याचा खटाटोप म्हणून पाहणे मला पटत नाही. आपल्या गुरूंनी जे केले तेच ते करत होते, पैसा आणि रंगमंच मात्र कितीतरी पट मोठा होता.

२००४ मध्ये वॉट्सला घशाचा कर्करोग झाला आणि तो त्यातून बरा झाला. त्याच्या उपचारांच्या काळात जॅगर आणि रिचर्ड्‌स यांनी बरेच काम दोघांतच पुढे नेल्यामुळे २००५ चा ‘अ बिगर बँग’ सुटसुटीत झाला आहे. त्याच्या दौऱ्याने सुमारे ५५.८ कोटी डॉलर मिळवून त्या काळचा उच्चांक केला. १८ फेब्रुवारी २००६ रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावरच्या विनामूल्य कार्यक्रमाला दहा लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज होता. त्यानंतर मात्र नव्या गाण्यांचा संपूर्ण अल्बम यायला अठरा वर्षे लागली. पन्नाशीचा दौरा, २०१३ चा ग्लॅस्टनबरी महोत्सव, २५ मार्च २०१६ रोजी हवानामध्ये लाखो लोकांसमोर झालेला विनामूल्य कार्यक्रम हे सारे या मधल्या काळातले आहे. ज्या क्युबात रॉक संगीताकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले जाई, तिथला तो कार्यक्रम ओबामा यांच्या भेटीनंतर काही दिवसांतच झाला.

या अठरा वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना तीन दिवसांत घडली. डिसेंबर २०१५ मध्ये बँड पश्चिम लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत नव्या गाण्यांसाठी जमला होता. काम रुळेना, खोलीतला आवाज जमेना, तेव्हा हात मोकळे करण्यासाठी त्यांनी लिटल वॉल्टरचे एक जुने ब्लूज गाणे वाजवले. ते इतके छान उतरले की त्यांनी दुसरे घेतले, मग तिसरे. त्याच इमारतीत स्वतःचे काम करत असलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन दोन गाण्यांत सामील झाला. तीन दिवसांनी बारा गाणी तयार होती आणि त्यांतले एकही त्यांनी स्वतः रचलेले नव्हते. ‘ब्लू अँड लोनसम’ डिसेंबर २०१६ मध्ये आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी पारितोषिकही त्याला मिळाले. त्यातली जॅगरची माउथऑर्गन ऐकताना हा माणूस मुळात वादक आहे हे पुन्हा जाणवते.

२०१७ मध्ये सुरू झालेला ‘नो फिल्टर’ दौरा दोनदा थांबला, एकदा एप्रिल २०१९ मधल्या जॅगरच्या हृदयाच्या झडपेवरील उपचारांमुळे आणि नंतर करोनामुळे. उपचारांनंतर जॅगर तर २०१९ च्या जूनमध्येच शिकागोला पुन्हा रंगमंचावर आला. २४ ऑगस्ट २०२१ रोजी चार्ली वॉट्स गेला. रिचर्ड्‌सबरोबर १९८० च्या दशकापासून वाजवणाऱ्या स्टीव्ह जॉर्डनने ढोल सांभाळले, आणि २६ सप्टेंबरला सेंट लुईसमध्ये दौरा पुन्हा सुरू झाला. जॉर्डनचा हात अधिक भरीव आहे, लय त्याच्याकडे पुढे झुकते, आणि जुन्या श्रोत्याला तो फरक पहिल्या गाण्यातच कळतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्‌स’ आला. निर्माता अँड्र्यू वॉट हा सभासदांच्या नातवंडांच्या वयाला शोभेल असा तरुण होता आणि त्याने काम रेंगाळू दिले नाही. दोन गाण्यांत वॉट्सचे आधी ध्वनिमुद्रित केलेले वादन आहे, त्यांतल्या एकात बिल वायमनही तीस वर्षांनी परतला आहे. पॉल मॅकार्टनी, स्टीव्ही वंडर आणि लेडी गागा यांचा सहभाग गाजला, पण अल्बमचा शेवट पाहण्यासारखा आहे. ज्या गाण्यावरून बँडला नाव मिळाले ते मडी वॉटर्सचे गाणे एकसष्ट वर्षांनी त्यांनी प्रथमच ध्वनिमुद्रित केले, आणि तेही रिचर्ड्‌सची गिटार आणि जॅगरचा आवाज व माउथऑर्गन एवढ्यावरच. पुढचा उत्तर अमेरिका दौरा २८ एप्रिल ते २१ जुलै २०२४ या काळात झाला, त्या वेळी जॅगर आणि रिचर्ड्‌स दोघेही ऐंशी वर्षांचे होते. दौऱ्याचे प्रायोजकत्व पन्नाशीपुढच्या नागरिकांसाठी काम करणाऱ्या एएआरपी या अमेरिकन संस्थेकडे होते. रिचर्ड्‌सच्या बोटांना संधिवाताने ग्रासले आहे आणि त्यामुळे आपली वाजवण्याची पद्धत बदलली असे तो उघडपणे सांगतो. या दौऱ्यात त्याने तारा कमी छेडल्या, अधिक जागा मोकळी सोडली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘हॅकनी डायमंड्‌स’ला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बँड उभे करणाऱ्या मुलांनी हा उत्तरार्ध ऐकायचा असेल तर ‘स्ट्रिप्ड’पासून सुरुवात करावी, मग थेट ‘ब्लू अँड लोनसम’ घ्यावा, आणि त्यानंतर मडी वॉटर्स आणि लिटल वॉल्टर यांची मूळ ध्वनिमुद्रणे ऐकावीत.