मुलांच्या लेखकानं मोठ्यांसाठी लिहिणं आणि वाचकांच्या प्रतिक्रिया

लहान मुलांचा लेखक म्हणून ज्याचं नाव घराघरात पोचलंय तो मोठ्यांसाठी पुस्तक लिहितो, आणि मग वाचक जे काय करतात, म्हणजे कोण चिडतं, कोण हळूच खुश होतं, कोण पुस्तक पोरांच्या हातातून काढून घेतं आणि बरेच जण सरळ वाचतच नाहीत, त्या सगळ्याबद्दलची ही नोंद. मराठीत याला वेगळा शब्द नाही. वाचनालयात 'बाल' आणि 'प्रौढ' असे विभाग असतात, वाचक मात्र 'पोरांचं' आणि 'मोठ्यांचं' असंच म्हणतात, आणि आमच्या सांगलीकडं तर 'हे पोरांचं न्हाई, मोठ्यांचं हाय' एवढं बोललं की विषय संपतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण जे. के. रोलिंग यांचं. हॅरी पॉटरचं सातवं आणि शेवटचं पुस्तक जुलै २००७ मध्ये आलं आणि त्यानंतर पाच वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१२ ला, 'द कॅज्युअल व्हेकन्सी' ही त्यांची मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी आली. मधल्या काळात हॅरीबरोबर वाढलेली पोरं नोकरीला लागली होती, काहींची लग्नं झाली होती, पण हे पुस्तक हातात घेताना सगळे परत अकरा वर्षांचे होऊन बसले. आणि आत निघालं काय, तर पॅगफर्ड नावाचं छोटं गाव, तिथल्या पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाचा, एक सदस्य अचानक मरतो, त्याची जागा रिकामी होते आणि त्या एका जागेवरून गावात राजकारण पेटतं. त्यात हेरॉइनचं व्यसन आहे, बलात्कार आहे, घरातली मारहाण आहे, शिव्या पण भरपूर. जादू कुठंच नाही. समीक्षकांत दोन तट पडले, वाचकांत तर त्याहून जास्त, आणि ज्यांना जादूची आशा होती ते असे रागावले की जणू घरातल्या माणसानं फसवलंय.

मला स्वतःला ती कादंबरी आवडली. कारण ती पोटनिवडणुकीची गोष्ट आहे आणि पोटनिवडणूक म्हणजे काय ते सांगली-साताऱ्याच्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. आपल्याकडं नगरसेवक वारला की तेरावं व्हायच्या आत वॉर्डात कोण उभं राहणार याची चर्चा चहाच्या गाड्यावर सुरू होते, घरच्यांपैकी कुणाला तिकीट द्यायचं, विरोधातला कुणाचा पाहुणा, कुणाची मतं कुठं फिरणार, आणि ज्याच्या जाण्यानं हे सगळं सुरू झालं त्याच्या पोराच्या शाळेच्या फीचं काय हे विचारायचं राहून जातं. कादंबरीत नेमकं हेच आहे. हॅरी पॉटरमध्ये सुद्धा मोठी माणसं खुर्चीसाठी पोरांना वाऱ्यावर सोडतातच की, फक्त तिथं शेवटी कुणीतरी कांडी उगारतं आणि इथं कुणीच उगारत नाही. म्हणजे लेखिका बदललीच नव्हती, वाचकाला सांभाळून घ्यायचं तेवढं तिनं सोडलं होतं, आणि मला वाटतं लोकांना लागलं ते हेच.

भारतात या कादंबरीवरून वेगळाच वाद झाला. त्यात सुखविंदर नावाची शीख मुलगी आहे, वर्गातला एक पोरगा तिला अंगावरच्या केसांवरून छळतो, आणि त्या वर्णनावर गुरुद्वारांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं आक्षेप घेतला. दुखावले गेलेल्यांचं दुखणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण यातून एक गोष्ट कळते. मुलांच्या पुस्तकात दुष्ट माणूस काय बोलतो आणि लेखक काय म्हणतो यातली रेघ जाड असते, चेटकीण बोलली की ती चेटकीणच बोलतेय हे सहा वर्षांच्या पोराला पण कळतं. मोठ्यांच्या पुस्तकात ती रेघ बारीक होते, छळणाऱ्याचे शब्द कधीकधी निवेदनातच मिसळून येतात, आणि जो वाचक त्या लेखकाकडून जाड रेघेची सवय लावून आलाय त्याला ते शब्द लेखकाचेच वाटतात.

पुढच्या वर्षी रोलिंगनी नावच लपवलं. एप्रिल २०१३ मध्ये 'द कुकूज कॉलिंग' ही रहस्यकथा रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावानं आली, परीक्षणं चांगली आली, ब्रिटनमध्ये साधारण १,५०० हार्डबॅक प्रती खपल्या, आणि जुलैमध्ये 'संडे टाइम्स'नं लेखक कोण ते फोडल्यावर तेच पुस्तक अमेझॉनच्या यादीत एकदम वर जाऊन बसलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. गाजावाजा नको, वाचकाला खरंच काय वाटतं तेवढं कळावं म्हणून टोपणनाव घेतलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते तीन महिने त्यांना मिळाले. नाव नव्हतं तेव्हा कुणी फसवणूक झाली म्हणून रागावलं नाही, कारण अपेक्षाच नव्हती.

हे नावाचं प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे. मुलांचं पुस्तक मुलं विकत घेत नाहीत, आईबाप घेतात, आत्या-मामा घेतात, शाळा बक्षीस म्हणून देते. घेणारा आतलं पान न् पान वाचत नाही, तो कव्हरवरचं नाव बघतो आणि 'हे चालेल' म्हणून पैसे देतो. दहा-पंधरा वर्षं असं चाललं की ते नाव म्हणजे घरातल्या विश्वासू माणसासारखं होतं, पोरांना त्याच्याकडं सोडून बाजारात जाता येतं. तोच माणूस मग दारू, मरण, बाईपुरुषाचं नातं यावर लिहायला लागला की पहिला दचकतो तो आईबाप, वाचक नंतर.

मराठीत याचं सगळ्यात ठळक उदाहरण माझ्या मते रत्नाकर मतकरी. १९६२ मध्ये त्यांनी 'बालनाट्य' ही संस्था काढली, 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' अशी नाटकं लिहिली, आणि त्याच माणसानं मराठीतल्या अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या, 'लोककथा ७८' सारखं गावातल्या अन्यायाचं जळजळीत नाटकही लिहिलं. १७ मे २०२० ला ते गेले तेव्हा कुणी 'अलबत्या गलबत्या' मधल्या चेटकिणीची आठवण काढली, कुणी 'खेकडा' या कथेची, आणि ऐकताना वाटत होतं की हे लोक दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. मी चौथीत असताना भावे नाट्यमंदिरात बालनाट्य बघून आले आणि आठवडाभर चेटकिणीचा आवाज काढत घरभर फिरत होते, म्हणून आईनं वाचनालयात जाऊन मतकरींचं जे पुस्तक दिसलं ते उचलून आणलं. ते गूढकथांचं निघालं. मी दुपारी माडीवर बसून दोन कथा वाचल्या आणि पुढच्या तीन रात्री दिवा चालू ठेवूनच झोपले. आत्या आईला म्हणाली, 'अगं वहिनी, बघून तरी आणायचं की गं.' आईचं उत्तर अजून लक्षात आहे, 'नाव तर तेच हाय की.' पुस्तक दुसऱ्या दिवशीच परत गेलं. पण चौथ्या दिवशी मला ते परत पाहिजे होतं, आणि आठवीत गेल्यावर मी ते स्वतःच्या कार्डावर आणलं. मला तेव्हा फसवल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं, उलट ज्या माणसानं मला रंगमंचावरची भीती दाखवली त्यानंच आता खरी भीती दाखवायला मला पात्र ठरवलं असं काहीतरी वाटत होतं. मुलांची प्रतिक्रिया आणि मुलांच्या वतीनं मोठ्यांनी दिलेली प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत नेहमी दुसरीच ऐकू येते.

उलट्या दिशेनं येणाऱ्यांवर मात्र कुणी रागावत नाही. विंदा करंदीकरांची 'स्वेदगंगा' १९४९ ची, मुलांसाठीची 'राणीची बाग' नंतरची, आणि ज्ञानपीठ मिळालेल्या कवीनं मुलांसाठी 'एटू लोकांचा देश' लिहिला याचं सगळ्यांना कौतुकच. मोठ्यांचा लेखक मुलांकडं वळला तर मायाळू, आणि मुलांचा लेखक मोठ्यांकडं वळला तर बिघडला, असा हा हिशोब आहे आणि तो मला कायम अन्यायाचा वाटत आलाय. इंग्रजी लेखक रोआल्ड डाल यांच्या बाबतीत तर वाचकांनी क्रमच उलटा करून टाकला. त्यांचा मोठ्यांसाठीचा कथासंग्रह 'समवन लाइक यू' १९५३ चा, चार्ली आणि चॉकलेट फॅक्टरीची मुलांसाठीची गोष्ट १९६४ ची, पण आपण त्यांना चार्लीपासून ओळखतो म्हणून त्या जुन्या काळ्या कथा हातात आल्या की 'अरे, ह्यांनी असलं पण लिहिलं?' असं वाटतं, खरं तर 'असलं' आधीच लिहून झालं होतं.

इंग्रजी लेखक ए. ए. मिल्न यांनी 'विनी द पू' या अस्वलाच्या गोष्टींच्या आधी नाटकं लिहिली होती, विनोदी लेखन केलं होतं, १९२२ मध्ये 'द रेड हाउस मिस्ट्री' ही रहस्यकथाही. त्यांनीच लिहून ठेवलंय की रहस्यकथा लिहितो म्हटल्यावर लोकांना तुमच्याकडून विनोद पाहिजे असं त्यांना सांगण्यात आलं, आणि नंतर बालगीतं लिहितो म्हटलं तर आता लोकांना तुमची रहस्यकथाच पाहिजे असं. १९२६ ला पू आला आणि बाकीचं सगळं त्या अस्वलाच्या मागं गेलं, याचा त्यांना त्रास होत राहिला.

भारतात मुलांच्या गोष्टींसाठी ओळखले जाणारे रस्किन बाँड यांना तर कोर्टात जावं लागलं. 'द सेन्शुअलिस्ट' ही त्यांची कथा सत्तरच्या दशकात 'डेबोनेअर' या मोठ्यांच्या मासिकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, शेवटी ते निर्दोष सुटले. आज शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा वाचणाऱ्या पोरांना आणि शिकवणाऱ्या बाईंनाही हे बहुतेक माहीत नसतं.

गाण्यांच्या बाबतीत असा धक्का कुणाला बसत नाही, आणि याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात १९१९ ला जन्मले. 'नाच रे मोरा' त्यांचं, १९५३ च्या 'देवबाप्पा' मधलं, आणि 'बुगडी माझी सांडली गं' ही १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' मधली लावणी पण त्यांचीच, दोन्ही गायली आशा भोसले यांनी, ज्यांचा जन्म पण सांगलीचाच. मध्ये १९५५-५६ ला गीतरामायणाची ५६ गाणी. बालवाडीतलं गाणं, लावणी आणि रामाची गाणी एकाच हातची आहेत म्हणून कुणी नाक मुरडल्याचं मी तरी ऐकलं नाही. एक तर गदिमांना कुणी फक्त मुलांचा कवी मानलं नव्हतं. पण दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं, गाण्यात लिहिणाऱ्याचं नाव मागं राहतं, पुढं येतो तो आवाज आणि पडद्यावरचं माणूस, आणि लावणी ऐकताना आपण लावणीच्या जागी बसलेलो असतो. पुस्तकात तसं होत नाही, तिथं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात असतं आणि वाचणारा एकटा असतो.

शेवटची प्रतिक्रिया सगळ्यात शांत आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, ती म्हणजे न वाचणं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिली आणि त्या एका पुस्तकानं गुरुजी कायमचे मुलांचे, डोळ्यात पाणी आणणारे झाले. याच गुरुजींनी 'भारतीय संस्कृती' लिहिली, पंढरपूरचं देऊळ सगळ्या जातींना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केलं. पण चाळिशीतल्या माणसाला 'भारतीय संस्कृती' वाच म्हटलं तर तो म्हणतो, गुरुजी ना, लहानपणी वाचलेत. कुणी चिडत नाही, कुणी वाद घालत नाही, नुसतं कपाट बंद राहतं.

कपाटावरून भिलार आठवलं. सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये असलेलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली आणि घराघराला साहित्यप्रकार वाटून दिले, एका घरात बालसाहित्य, एका घरात कादंबऱ्या, एका घरात कविता. व्यवस्था सुंदर आहे, तिथं अंगणात बसून वाचण्यासारखं सुख नाही. पण मतकरींसारख्या लेखकाचा वाचक तिथं या घरातून त्या घरात चालत जातो. मी माझ्या भाचीला तसंच नेलं होतं. बालसाहित्याच्या घरातून निघताना ती म्हणाली, 'मावशी, ह्यांचं अजून हाय का?' मी म्हटलं हाय, पण दुसऱ्या घरात, आणि ते जरा मोठ्यांचं हाय. ती नऊ वर्षांची. चप्पल घालून माझ्या आधी रस्त्यावर उभी होती.